गाळाखालची वेस

४ नोव्हेंबर

आज तळ्याचं काम घेतलं. घेऊ नको असं पाठ आणि आई दोघीही सांगत होत्या, पण तोंड उघडून फक्त आईने सांगितलं.

काम संग्रहालयाचं आहे. तिथल्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. चहात बुडवलेलं बिस्किट तुटून कपात पडलं तर "गेलं तळाशी" म्हणाल्या आणि चमच्याने गंभीरपणे शोधायला लागल्या. तिथेच मला आवडल्या. म्हणणं असं, की पंचावन्न वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला शहराची जुनी वेस पाडली. तिला चिकटून घरांची एक रांग होती, तीही गेली. सगळा राडारोडा नव्या रस्त्याच्या भरावात गेला असं पालिका सांगते. जुनी माणसं मात्र सांगतात की ट्रक तळ्याकडे वळायचे. आता तळ्याचा एक तुकडा बुजवून बसचा डेपो व्हायचाय. डिसेंबरच्या मध्यावर मशिनं येतील. त्याआधी वेशीचा एक जरी दगड खाली आहे असं दाखवता आलं, तर तेवढा भाग वाचेल.

"आणि नुसतीच अफवा असली तर?" बोक्याने विचारलं.

"तर मी मूर्ख ठरेन," बाई म्हणाल्या. "त्याची सवय आहे."

बोका म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी आंघोळीचं पाणी काढलं की पलंगाखाली पळायचा, म्हणून बोका. तोच आज पाणबुड्या आहे आणि माझा भागीदार. मी खाली असले की तो वर दोर धरतो, तो खाली असला की मी.

काम का घेतलं ते इथे तरी खरं लिहिते. बावीस वर्षं आम्ही धरणाच्या जाळ्या साफ करतोय नाहीतर बुडालेली माणसं वर काढतोय. माणूस वर आलं की काठावर जो आवाज होतो, तो मला एकदा तरी नको होता. दगड वर काढला तर कोण रडणार?

आईचं माहेर त्या पाडलेल्या रांगेतलंच. तिला विचारलं तर तिने सरळ कानांवर हात ठेवले. "मला काय माहीत? मी पोर होते तेव्हा."

"पोर कसली? वीस वर्षांची होतीस."

"वीस वर्षांची पोरच असते," म्हणाली आणि भांडी आपटत आत गेली.

७ नोव्हेंबर

जेट्टीजवळून सुरुवात केली. बाईंचा अंदाज तिथला. पाणी म्हणजे गार काळा चहा. मास्कसमोर स्वतःचा हात धरला तरी दिसत नाही. मध्ये वजन टाकायचं, त्याला दोर बांधायचा आणि दोराच्या टोकाला धरून गाळ चाचपत गोल फिरायचं. बोटांनी बघायचं, झालं. आज बोटांनी पाहिलेलं: एक सायकल, एक फ्रिज, बाकाचा लोखंडी पाय, पुष्कळ बाटल्या.

खाली पाण्याच्या दाबाने कानांना दडे बसतात; आज उजवा कान मोकळा व्हायला वेळ लागला. थंडीमुळे.

९ नोव्हेंबर

आजही काही नाही. एक बाहुली मिळाली. बाईंनी ती साबणाने धुऊन नावेत वाळत ठेवली.

आई हल्ली फार जोरात बोलते. मी समोर बसलेली असताना, रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी. म्हातारपणी ऐकू कमी आलं की माणसं अशी ओरडतात म्हणे. आणि गंमत म्हणजे बोका आला की दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत बसतात. माझ्याशी आरडाओरडा, त्याच्याशी कुजबुज! मी दारात गेले की गप्प.

१२ नोव्हेंबर

आईला काहीतरी होतंय. आठवड्यापासून बाहेरच्या खोलीत, माझ्या दारासमोर अंथरूण टाकते. न्हाणीतला दिवा चालू ठेवते. आज म्हणाली, "आंघोळीला गेलीस की कडी लावत जाऊ नकोस."

"का?"

"उगाच. मला भीती वाटते."

एकटेपणाची भीती असावी. बाबा जाऊन आठ वर्षं झाली, पण अशा गोष्टी उशिरानेच वर येतात. मी कडी लावत नाही आता. तेवढ्याने तिला बरं वाटत असेल तर बिघडलं कुठे.

पाण्यात काही नाही. जेट्टीची डावी बाजू संपली. जिना चढताना दोनदा कठडा धरावा लागला. हे नवे बूट निसरडे आहेत.

१५ नोव्हेंबर

आईला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मला वाटलं होतं ओढत न्यावं लागेल, पण आईसाहेब चप्पल घालून दारात माझीच वाट बघत होत्या. डॉक्टर तरुण आहे, मऊ बोलतो. त्याने तिला काचेच्या खोलीत बसवलं, आवाज ऐकवले आणि बाहेर येऊन म्हणाला, "आजींचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मी म्हटलं, "मग ओरडतात का एवढ्या?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. आई खुर्चीतून म्हणाली, "आलोच आहोत तर हिचेही बघून टाका." मी म्हटलं, तपासायला तुला आणलंय, मला नाही, आणि मला तीन वाजता तळ्यावर पोचायचंय. डॉक्टर म्हणाला, "पाण्याखाली काम करता, तर वर्षातून एकदा तपासलेलं बरं." म्हटलं, पुढच्या महिन्यात. रिक्षात आई बाहेरच बघत बसली. रुसली असेल. डॉक्टरला माझा धंदा कसा माहीत, ते विचारायचं राहिलं.

१८ नोव्हेंबर

मिळाला!

निदान मला तरी तसं वाटतंय. वाटतंय काय, मिळालाच. जेट्टीच्या उजवीकडे, दुसऱ्या फेरीत, हात गाळात गेला आणि बोटांना कड लागली. सरळ, घडवलेली. तिच्याखाली गोलाई, कमानीच्या दगडाला असते तशी. मी दोन्ही हातांनी धरून बसले. मग जरा चक्कर आल्यासारखं झालं, वर यायला निघाले, दोर कुठे गेला ते कळेना, पण आले. वर येऊन सांगितलं तर बाईंनी तोंडावर हात ठेवला. बोका मात्र हसला नाही. म्हणाला, "ताई, तू मला तीनदा ओढ दिलीस. तीनदा म्हणजे संकट."

"मी एकदाच दिली. सगळं ठीक."

"तीनदा."

बावीस वर्षं दोर धरतोय, तरी मोजता येत नाही.

१९ नोव्हेंबर

बोका त्याच जागी उतरला. बराच वेळ होता. वर आला आणि म्हणाला, "सांडपाण्याचा पाइप आहे. सिमेंटचा. फुटलेला."

मी म्हटलं, तू दुसरीकडे गेलास. तो म्हणाला, दोर तूच धरला होतास ना? मी म्हटलं, तुला नीट शोधायचंच नाहीये. बाई बिचाऱ्या कधी त्याच्याकडे बघायच्या, कधी माझ्याकडे, एखाद्या घरात भलत्या वेळी आलेल्या पाहुण्यासारख्या.

घरी येताना त्याने नवीनच काढलं. "उरलेले दिवस मी खाली जातो. तू वर थांब."

"का? मी म्हातारी झाले?"

"तसं नाही."

"मग कसं?"

आता कळलं स्वयंपाकघरात काय शिजतंय ते. धंदा त्याला एकट्याला हवाय. आईही त्याच्याच बाजूची. मुलगा तो मुलगाच शेवटी. हे लिहिताना मलाच माझी लाज वाटते आहे, पण मनात आलं ते आलं.

२१ नोव्हेंबर

बोक्याशी बोलणं बंद. दोराच्या दोन टोकांना दोघं, आणि बोलणं बंद. विनोदी आहे खरं तर. सोमवारी मी उतरणार. त्याला सांगून टाकलं.

२८ नोव्हेंबर

हे आडवं पडून लिहितेय. बसलं की खोली फिरते.

सोमवारी उतरले. बोका नावेत माझ्या सिलिंडरवर हात ठेवून बसला होता, उचलू देईना. मी त्याचा हात बाजूला केला. हे त्याच्या बायकोने विचारलं तर नाकबूल करीन, पण जोरात केला. पाण्यात शिरले. उजवा कान मोकळा होईना. नाक दाबून जोर लावला. होईना. अजून लावला. मग कानात काहीतरी फाटलं. दुखलं नाही फारसं. जुनं फडकं टरकतं ना, तसा आवाज. आणि लगेच सगळं फिरायला लागलं.

भोवरा म्हणतात तसं नव्हे. वर-खाली हेच नाहीसं झालं. बुडबुडे वर जातात हे मला माहीत आहे. गालाजवळ हात धरून ते कुठे जातात ते बघायचं, हे मी कितीजणांना शिकवलंय. काळोखात बुडबुडेही हाताला लागेनात. मी पोहत वर चालले होते असं मला आठवतं. बोका म्हणतो मी तळाशीच गाळ उकरत रांगत होते. त्याने मला बादली ओढावी तसं ओढून काढलं. नावेत ओकले, ते बाईंच्या साडीवर. त्या माझं डोकं मांडीवर घेऊन "असू दे, असू दे, जुनी आहे" म्हणत होत्या.

उजवा कान गेला. तो बऱ्याच दिवसांपासून जात होता, परवा उरलेला गेला. तोच मऊ बोलणारा डॉक्टर. मला आता त्याच्या ओठांकडे बघावं लागतं. "चक्कर हळूहळू कमी होईल. चालाल, फिराल. पाण्याखाली मात्र पुन्हा नाही."

"किती दिवस?"

"पुन्हा नाही," तो म्हणाला. मोठ्याने. आई बोलते तसा.

३० नोव्हेंबर

दोन दिवस डोक्यात एकच. आई ओरडत होती ती मला ऐकू यावं म्हणून. मग कडी? मग ते दारासमोरचं अंथरूण? विचारलं तर म्हणाली, "झोप आता." आणि बोका? त्याला तर मी काय काय म्हटलं.

तो संध्याकाळी आला. उशाशी बसला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "तुझा तो पाइप खरंच पाइप होता हं." मला हसू आलं, हसले तशी खोली फिरली, आणि मी त्याचा शर्ट धरला. बराच वेळ धरून होते.

१ डिसेंबर

बाई भेटायला आल्या, बोकाही होता. काम थांबवायचं म्हणत होत्या. "एका कानाची किंमत झाली, आता पुरे." दोन आठवड्यांत मशिनं येतील, येऊ देत.

आई चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "जेट्टीजवळ काही नाही मिळणार. तिथे ट्रक वळत नव्हता."

आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. तिने कप खाली ठेवले, नीट, एकेक, आणि सांगितलं.

"घर पाडायला आले त्या दिवशी आमचे सगळे सामान घेऊन पुढे गेले होते. मी उंबऱ्यावर बसून राहिले. ट्रकवाला उतरून आला. म्हणाला, बाई उठा, मला अजून खेपा मारायच्या आहेत. म्हटलं, मारा. तर तो शेजारी बसला. त्याने डबा उघडला, अर्धा मला दिला. जेवण झालं तशी मी उठले. का उठले ते मला अजून कळलेलं नाही. मग त्याने उंबरा उचलून ट्रकमध्ये घातला. म्हटलं, कुठे नेणार? म्हणाला, खोटं सांगू की खरं? म्हटलं, खरं. तर म्हणाला, तळ्यात. भराव लांब होता, मुकादमाला डिझेल वाचवायचं होतं. म्हटलं, मला बघायचंय. आणि पुढे जाऊन बसले."

"तो ट्रकवाला म्हणजे..." बोका म्हणाला.

"तुझे बाबा. नाहीतर कोण? मी काय रोज ट्रकमध्ये बसत होते?"

जागा पंपघराच्या मागची. तिथे काठाला उतार होता, ट्रक मागे घेता यायचा. वेशीचे दगड तिथेच गेले, घरंही तिथेच. बाबांनी नोकरी जाईल म्हणून जन्मभर कुणाला सांगितलं नाही, आणि हिने बाबांना शब्द दिला होता.

"पण ते गेल्यावर तरी बोलायचंस," मी म्हटलं. "आम्ही महिनाभर फ्रिज चाचपत होतो!"

"मला बरंच वाटत होतं ते," आई म्हणाली. "चुकीच्या जागी शोधताय, काही मिळायचं नाही, महिना सरेल, तू कंटाळून घरी बसशील."

"मी कधी कंटाळले?"

"नाही ना कंटाळत. तेच तर."

बाईंनी चष्मा काढून पुसला. चहा कुणीच प्यायला नाही.

५ डिसेंबर

बोका पंपघराच्या मागे उतरला. दोर धरायला अग्निशमन दलातला त्याचा मित्र होता. नाव डुलते, म्हणून मला नावेत बंदी. काठावर दोन खुर्च्या टाकल्या, एकीवर आई, एकीवर मी.

मला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं मी खालच्या टोकाला होते किंवा दोराच्या वरच्या टोकाला. हातात दोर नसताना पाण्याकडे बघत बसायचं म्हणजे काय, ते आज कळलं. पाणी काही सांगत नाही. सपाट असतं. आई शांत बसली होती, हात मांडीवर, जणू बस यायचीय. तिला सरावच होता. मी प्रत्येक कामावर निघाले की ती अशीच बसत असणार. मी कधी विचारलंच नाही.

बोका वर आला, मास्क कपाळावर सरकवला आणि ओरडला. मला नीट ऐकू आलं नाही. आईने माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "म्हणतोय, आहे. म्हणतोय ढीगच्या ढीग आहे. पायऱ्या, खांब, चौकटी. म्हणतोय अख्खा रस्ता आडवा पडलाय खाली."

बाई नावेत उभ्या राहिल्या आणि पडता पडता वाचल्या.

आई उठली, पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि परत आली. डोळे कोरडे होते. "चल," म्हणाली, "ऊन लागतंय तुला."

११ डिसेंबर

पहिला दगड वर काढला. क्रेन आली, वार्ताहर आले, पालिकेचे साहेब आले. राडारोडा भरावातच गेला असं इतकी वर्षं सांगणारी हीच पालिका, पण साहेब आज "आपला ठेवा, आपला ठेवा" करत होते. दगड देखणा आहे. वेलबुट्टी, आणि मधोमध गाल फुगवलेला एक चेहरा. साहेबांनी त्याच्यावर हात ठेवून फोटो काढला. शहराच्या वेशीचं वैभव पाण्यातून वर आलं, असं भाषण झालं.

आई माझ्या डाव्या कानाशी लागली. "ही वेस नव्हे."

"मग?"

"हा संडासावरचा आहे. वेशीच्या बाहेर सार्वजनिक संडास होता. कुणा शेटाने आईच्या आठवणीसाठी बांधून दिला, म्हणून नक्षी. त्या गालफुग्याला आम्ही पोरी हसायचो. श्वास धरून बसलाय म्हणायचो."

मला इतकं हसायला आलं की खुर्ची धरावी लागली. मग हसू ओसरलं. बाईंना सांगायचं की नाही? वीस दिवस त्या धड झोपल्या नव्हत्या. पण उद्या पाटीवर खोटं लिहिलं जाईल तेही बरं नाही. गर्दी पांगल्यावर सांगितलं. त्यांनी आईला तेच पुन्हा पुन्हा विचारलं, दार कुठल्या बाजूला, किती कप्पे, बायकांचं वेगळं होतं का. मग पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"वेशीची चित्रं ढिगाने आहेत हो," त्या म्हणाल्या. "याचं एकसुद्धा नव्हतं."

पाटीवर तसंच लिहिणार आहेत, स्पष्ट. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. ते काम बोक्याकडे दिलंय, तो आनंदाने तयार झाला.

पंपघराची बाजू बुजवणार नाहीत, तसा कागद निघाला. डेपो लहान होईल. वेस खालीच राहील, सगळं वर काढायला वर्षं लागतील. बोक्याला पुष्कळ काम आहे.

१६ डिसेंबर

चालता येतं. भिंतीला हात लावून, पण येतं. दिवसभर काय करायचं ते कळत नाही. सूट धुऊन वाळत घातला. मग घडी घातली. मग उगाच पुन्हा उलगडला.

१९ डिसेंबर

सकाळी फोन आला. डाव्या कानाला लावला. लांबच्या एका धरणावरचे कुणी इंजिनियर होते. जाळ्या तुंबल्यात, तुमचं नाव कुणीतरी सांगितलं, कधी येता?

इतकी वर्षं या प्रश्नाला मी एकच उत्तर दिलंय: उद्या. तेच जिभेवर आलं होतं. म्हटलं, "मी आता पाण्यात उतरत नाही."

"आजारी आहात का?"

"नाही."

"मग?"

"थकलेय."

हे मी डॉक्टरला सांगितलं नव्हतं. आईला नाही, बोक्याला नाही, या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. आणि बोलून गेले कुणाजवळ, तर जाळ्या तुंबलेल्या एका परक्या माणसाजवळ. मला वाटलं, आता ठेवतील फोन. मग ते म्हणाले, "मीही हो. फार."

ते मार्चमध्ये निवृत्त होतायत. त्यांना पहाटे जाग येते आणि मग झोप लागत नाही. पाणी किती चढलं असेल याचाच विचार येतो म्हणे. म्हटलं, मलाही. काठावरचा आवाज येतो. ते म्हणाले, कसला आवाज? मी सांगितला. कुणाला कधी सांगितला नव्हता. ते ऐकत राहिले.

शेवटी बोक्याचा नंबर दिला, फोन ठेवला आणि भर सकाळी, अंगावर ऊन येत असताना, पुन्हा अंथरुणात शिरले. चांगला कान उशीत गेला आणि घर एकदम गप्प झालं. जाग आली तेव्हा दुपार उलटली होती. आईने कुणाला उठवू दिलं नव्हतं.